छाट

निपाणीत, जुन्या पी. बी. रोडला, चपलांच्या दुकानाच्या बगलेत
चार फूट बाय सहा माझं दुकान.
पाटी दोन लिप्यांत. वर कानडी, खाली मराठी,
मधे एका फोनचं चित्र, ते कुणालाही वाचता येतं.

रत्नाक्का शिंत्रे पदराची गाठ सोडून फोन काढतात.
तंबाखूचा वास आधी काउंटरवर येतो, मग त्या.
"ह्येला काय झालंय बघ की रे.
मी काय करीत न्हाई, नुसता उशाला असतोय,
तरी तीनच्या ठोक्याला मान टाकतोय.
आणि वनिता साडेसातला फोन करती,
हुबळीस्नं, ड्युटीवर जायच्या आधी."

हातात घेतला तर गरम,
विड्या शेकायच्या भट्टीवरून आत्ताच उतरवल्यासारखा.

सेटिंग उघडलं. भाषा कानडी,
विकणाऱ्यानं ठेवली तशीच.
मी वाचून दाखवलं, स्वयं प्रारंभ.
"हे तर आपलंच," त्या म्हणाल्या.
त्यांचंही, मी म्हणालो.
आणि खाली त्रेपन्न नावं,
प्रत्येकापुढे एक हिरवं बटण, सगळी जागी.

"म्हंजे मी न बोलवता?"
न बोलवता. तुम्ही फोन चालू केला की हे उठतात,
आतल्या आत आपापलं दुकान मांडतात.
त्यांनी जरा वेळ घेतला.
"आमच्यात सुपात पान पडल्याबिगर
बोटंसुद्दा हलत न्हाईत."

मग सुरू झालं. मी नाव वाचायचं, त्यांनी निकाल द्यायचा.
रमी. "नातवानं घातली असंल. छाट."
दहा मिनिटांत कर्ज. "छाट, छाट."
चेहरा गोरा करणारं. तोंडावर पदर घेऊन हसल्या. छाट.
टॉर्च.
टॉर्चला तुमच्या सगळ्यांचे नंबर कशाला हवेत, मी विचारलं.
"कंदिलानं कधी मागितलं न्हाईत बघ."

कारखान्यात हजार मोजून घेताना मुकादम
शंभरेक बाजूला सारतो,
पान फाटकं, तोंड सैल,
त्यांचा पैसा नाही.
तीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला शब्द
आज त्या स्वतः वापरत होत्या
आणि घाई करत नव्हत्या.

मधेच एक गिऱ्हाईक आलं, संकेश्वरकडचं.
"बर्री," माझ्या तोंडून निघालं, मी ठरवायच्या आत.
चेहरा बघून जीभ आपली आपण चालू होते इथं,
कधी ही, कधी ती, कधी चुकीची.
एक नोव्हेंबरला तर
गावाची अर्धी बॅटरी सकाळीच उतरते.
त्याचं बटण कुठल्या सेटिंगात असतं, मला ठाऊक नाही.
चार्जर दिला, एकशेवीस घेतले.

बावन्न बंद केली.
हुबळीचं हवामान तेवढं ठेवलं. "ऊन किती हाय कळतंय."

आठ दिवसांनी परत आल्या.
चार्जिंग?
"निजताना चाळीस असतंय. झ्याक."
तरी उभ्या. काउंटरच्या काचेवरून बोट फिरवत,
काचेखालच्या कव्हरांकडे बघत.
"त्यातलं एक माघारी घाल की."
कुठलं?
"दुपारी टण् करून विचारायचं ते.
पाणी प्यालात का म्हणून."
ते कानडीत विचारायचं, अक्का.
"कळत हुतं."

मी यादीत खाली खाली गेलो.
सापडलं, एका निळ्या थेंबाचं चित्र.
बटण दाबलं, हिरवं झालं.
"आवाज बारका ठेव," त्या म्हणाल्या,
"पान कापताना दचकून कात्री बोटावर येती."
दहा रुपये काढले.
मी घेतले.