व्हरांड्याच्या काचा

फहाहीलमध्ये सकाळपासून धुळीचं वादळ.
मधली सुट्टी वर्गातच, चौथी 'ब'.
व्हरांड्याच्या काचांवर पिठासारखी वाळू.
म्हटलं, काढा बोटांनी काय हवं ते.

जिस्नाने होडी काढली.
इम्रोझने तिला चाकं लावली.
भांडण. मग तीच म्हणाली,
राहू देत, वाळूत चालेल.

तन्वय नुसताच उभा.
बाबांची नोकरी गेली, गुरुवारी विमान.
होडीत कुणीतरी एक जागा
मोकळी ठेवली होती;
मी सांगितलं नव्हतं.
बराच वेळ त्याचं बोट हवेतच.
मग तिथे बसलं एक मांजर,
पार्किंगमधलं, तुटक्या कानाचं.

शाळा सुटल्यावर मोफिझुल फडकं घेऊन आला.
सगळ्या काचा लख्ख केल्यान्,
होडीपाशी थांबला.
ही रविवारी पुसतो, म्हणाला.