ठिपके

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधते आहे,
ग्युम्रीच्या छापखान्यात, मागच्या खिडकीशी,
जिथून काळ्या दगडाची एक भिंत दिसते
आणि भिंतीवर कुणाचं तरी मांजर.
पंचांगं, शाळेची पुस्तकं, निधनवार्ता.
हातात लाल पेन्सिल नसली तरी
लवाशची पोळी उचलताना बोटं तशीच वळतात.

पगार दुपारी चारपर्यंतचा.
चारनंतर मी फुकट काम करते.

रात्री स्टोव्ह विझत आला
की दिवसाचं प्रूफ पुढ्यात येतं.
दूध उतू गेलं : खूण.
शेजारच्या नवार्दला आत ये म्हटलं नाही : खूण.
भावाचा फोन, माझा आवाज कोरडा : दोन खुणा.
मग जुने गठ्ठे सुटतात.
आईच्या शेवटच्या आठवड्यात मी म्हणाले होते,
"किती वेळा सांगायचं तुला?"
त्या ओळीवरून इतक्यांदा पेन्सिल फिरली
की कागद फाटला.
ओळ अजून वाचता येते.

आणि ते सगळ्यात जुनं.
एका सुताराच्या निधनवार्तेत
जन्माचं साल मृत्यूच्या जागी गेलं, मृत्यूचं जन्माच्या.
छापून आलं तेव्हा तो माणूस
मरणाकडून पाळण्याकडे चालू लागला होता.
कुणी तक्रार केली नाही.
तक्रार करायला मी होतेच.

फेब्रुवारीत वाहान आला, उमेदवारीवर, एकोणीस वर्षांचा.
शब्दकोशात एक स्वल्पविराम त्याच्या नजरेतून निसटला,
सोळा पानांचा फर्मा पुन्हा छापावा लागला.
कागदाच्या रिमांमागे जाऊन रडत होता,
हातमोज्यानं नाक पुसत.
मी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.
तोंडून निघालं :
"अरे, स्वल्पविराम होता तो.
त्यानं कुणाचं छप्पर पडलं नाही."

या गावात छप्पर हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही.
डिसेंबरची ती सकाळ ज्यांना आठवते
ते अजून दाराजवळची खुर्ची निवडतात.
वाहाननं दचकून वर पाहिलं.
मीही दचकले असेन,
कारण तो आवाज माझा होता
आणि माझ्या ओळखीचा नव्हता.

त्या रात्री तोच आवाज स्वतःला घालून पाहिला.
दुसऱ्याच्या कोटासारखा, बाह्या लांब.
"अगं," म्हटलं.
तेवढंच जमलं.
मग हसू आलं, मग लाकूड सारलं आत.

आमच्या कामात एक खूण आहे, फारशी वापरात नसलेली.
खोडायला नको होतं ते खोडलं गेलं
तर त्या शब्दाखाली बारीक ठिपके द्यायचे.
अर्थ : राहू द्या.
जुळारी कुरकुरतो, पण शब्द जागेवर बसवतो.

आईला बोलले ते चूकच होतं.
त्याखाली ठिपके देणार नाही.
पण त्याच्या वर आणखी एक ओळ होती :
तीन रात्री झोपले नव्हते मी,
तिचे पाय चोळत बसले होते.
ती ओळ मी केव्हाच काढून टाकली होती,
जागा वाचवायला म्हणून असेल.
बराच वेळ शोधावी लागली.
एक, दोन, तीन, हात थरथरत होता,
ठिपके वाकडे आले.
राहू द्या.

गुरुवारी पुन्हा चुकांचा पाढा, पुन्हा पहिल्यापासून.
शनिवारी दूध पुन्हा उतू गेलं.
पेन्सिल हातात आली, ती कानामागे खोचली
आणि फडकं घेतलं.
कधी जमतं. काल नाही जमलं.

सुतार अजून चालतोच आहे,
उलटा, पाळण्याकडे, खांद्यावर रंधा.
इतकी वर्षं मी त्याच्या मागे धावत होते
साल दुरुस्त करायला.
परवा खिडकीतूनच हाक मारली :
सावकाश जा,
वाटेत बर्फ आहे.