गोणपाट

ईश्वरा गेल्यावर सव्वा महिना
आक्कावहिनी गोणपाट भिजवत राहिल्या.
सकाळी, दुपारी, दिवेलागणीला.
तेराव्याच्या पंगतीत वाढता वाढता
तांब्या घेऊन शेडमध्ये गेल्या म्हणे,
आणि पदराला हात पुसत परत आल्या, आमटी घेऊन.

मला निरोप तालमीच्या कमिटीचा:
"निम्म्याच्या वर पैलवान झालाय, मिस्त्री.
ओतकाम उद्यमनगरात ठरलंय.
तुम्ही निस्ता उजवा हात बसवा."

निस्ता.

अकरा वर्षं बापट कँपाचा रस्ता
मी त्या शेडपायी टाळत आलो.
माझ्या घोड्याला ईश्वराने
भर मीटिंगमध्ये खेचर म्हटलं होतं.
खेचरच झालं होतं ते.
मला त्याच्या आधी ठाऊक होतं, हेच तर दुखणं.

गोणपाट काढलं.
ओल्या तागाचा वास, मुरल्या मातीचा, जरासा विडीचा.
हिंदुराव पैलवान उभा, आठ फूट.
कान असे मुरगाळलेले
की बघणाऱ्याने आपला चाचपून पाहावा.
लंगोटाची कड, पोटरीतली गाठ,
आणि उजव्या खांद्याखाली नुसती तार,
सुतळी गुंडाळलेली, गंजलेली.

ईश्वरा डावरा.
त्याची कोरणी उजवीकडून उतरते, माझी डावीकडून.
चार दिवस मी दिवसा माती चढवली
आणि संध्याकाळी खरवडून घमेल्यात टाकली.
खांद्यापाशी दोन गावांची शीव दिसायची.
पाचव्या दिवशी कोरणी डाव्या हातात धरली.
बोटं ऐकेनात.
साठीत पुन्हा बिगरी यत्ता.

मग तारेकडे नीट बघितलं.
कमिटीच्या चित्रात हात वर, हातात गदा.
तार मात्र वर जातच नव्हती.
कोपरातून पुढे आली होती, कमरेच्या उंचीला,
मनगटापाशी किंचित खाली झुकलेली.
कुस्तीआधी चिमूटभर लाल माती
समोरच्याच्या हातावर ठेवायला जातो ना,
तसा हात.

"शेवटच्या आठवड्यात वाकवली," वहिनी म्हणाल्या.
"दोन दिस लागलं. दम लागायचा त्यास्नी.
मी म्हटलं, गदा कुटं धरायची मग?
तर म्हणाले, गदा एकट्याची असती.
हात फुडं केला की समोर कोण तरी लागतंय."

मी उत्तर दिलं नाही.
माती मळत राहिलो, गरज नसताना.

अध्यक्ष आले, चहा घेतला, पुतळ्याभोवती फिरले.
"आणि गदा?"
पायाशी ठेवू, म्हणालो.
"मावळतीकडनं दिसंल का?"
दिसेल.
खुश होऊन गेले.

शेवटचा हात फिरवताना पाठीत, फऱ्याजवळ,
माझं बोट थबकलं.
एक बारीक भेग, कुणी तरी बुजवलेली.
त्याची पद्धत नव्हती ती. माझी तर नाहीच.
भाकरीची कड थापावी तसे
तीन-चार लहान दाब, शेजारी शेजारी.
मागे वळलो.
दारात वहिनी, हातात तांब्या.
"तडकलं हुतं ते," चोरी पकडल्यासारख्या म्हणाल्या.
"तुमी येस्तोवर कोण बघणार?
वंगाळ दिसत असंल तर काढा."

कोरणी खाली ठेवली.

शुक्रवारी प्लॅस्टरचा साचा निघाला.
साचा निघाला की माती तुटतेच,
ढेकळं होऊन पडते.
कान कुठला, माझा हात कुठला,
फावड्याला काय त्याचं.
सगळं हौदात गेलं.

हिशेब उरकून निघालो तेव्हा
वहिनी हौदावर वाकून
गोणपाट पसरत होत्या.
"आता कशाला?" विचारलं.
"वाळंल की," त्या म्हणाल्या,
आणि तांब्या माझ्या हातात दिला.