कच्चा टाका

कुमासीत, बाजारामागच्या गल्लीत
डूफीचं शिलाई मशीन.
वर्षभरात स्वतःच्या स्कर्टची कंबर
तिनं तीनदा उसवली.
मिरच्या विकणारी विचारते, कितवा महिना?
डूफी दातांत टाचणी धरते.
टाचणी असली की बोलावं लागत नाही.

सोनोग्राफीच्या मुलीनं पोटावर थंड जेली पसरली.
पडद्यावर राखाडी धुकं, त्यात गाठी:
एक लिंबाएवढी, एक संत्र्याएवढी,
तिसरी मोजताना मुलगी जरा थांबली.
ती सेंटिमीटर सांगत गेली,
डूफी मनात इंच करत राहिली.

आईची पिशवी काढली तेव्हा डूफी नऊ वर्षांची.
आई म्हणायची, विचारलं नाही गं, सांगितलं.

"कापल्याशिवाय?"
दिवसाला वीस वार कापड कापणारी विचारते.

डॉक्टर आन्टवीबाईंनी कागदावर नदी काढली.
मनगटातून शिरणारी दोऱ्याएवढी नळी,
गाठीच्या वाटेवर वाळूसारखे कण.
पाणी तोडलं की गाठ आक्रसते,
हळूहळू, आणि सगळी नाही.
अंगावरून जाणं कमी करायला गोळ्याही आहेत.
मूल हवंय का, ते आधी बोलू.

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

रात्री ती मशीनवर बसली.
कंबर पुन्हा उसवली,
पण या वेळी कच्चा टाका घातला,
ओढला की निघेल असा.