बेचाळीस सेकंद

बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या इमारतीची लिफ्ट जाळीच्या दाराची,
तळापासून सहाव्यापर्यंत बेचाळीस सेकंद घेते.
तेवढ्यात कुणाच्या गळ्यात पुस्तक मारायचं
म्हणजे पहिलं वाक्य दार ओढतानाच सुटलं पाहिजे.

"कर्णिकबाई, गडाला वेढा पडलाय.
पण गोष्ट राजाची नाही,
दिंडी-दरवाजाला खिळे ठोकणाऱ्या सुताराची आहे."
पहिला मजला. दुसरा.
"आणि कुठला खिळा सैल आहे, ते त्या एकट्यालाच ठाऊक."
चौथ्यावर बाई उतरतात, चार पावलं जातात, वळतात.
"सैल राहिलाय, की ठेवलाय?"
मी स्टुलाखालून पुस्तक काढतो.

बाई ऑडिटमधल्या. इतिहास म्हटला की पावती मागतात.
मागचं पुस्तक परत आलं ते पेन्सिलीच्या शेऱ्यासकट :
पान एकशे बारा, यादवांचा शिपाई भाकरीवर मिरची खातो.
मिरची तेव्हा समुद्रापलीकडे होती.
तरी वाचलं होतं शेवटच्या पानापर्यंत;
शेवटच्या पानावर चहाचा डाग होता, नवा.

पाचव्यावरच्या ओजस घरतचं उलटं.
त्याला नसलेली राज्यं लागतात, आणि आधी नकाशा लागतो.
मी त्याला ते शहर दिलं, जिथं जकातनाक्यावर
सावली जमा केल्याशिवाय आत सोडत नाहीत.
"नकाशा आहे का, तांडेलकाका?"
"नकाशा नाही. पण चालून चालून पायाला फोड येतात तिथं,
आणि फोड फुटल्यावर माणूस लंगडतो, पुढली तीन पानं."
पोरगा गप्प. मग म्हणाला, द्या.
खोट्या राज्याची मी एवढीच परीक्षा करतो :
तिथं भूक लागते का, आणि भाकरी कुणी थापते का.

सहाव्यावरचे खंबाटाशेठ, सॉलिसिटर, वय ऐंशीच्या पुढं.
मराठी कळतं, वाचता येत नाही.
त्यांना एक आरमारी कादंबरी मी तोंडी दिली,
चढताना थोडी, उतरताना थोडी, सव्वा वर्ष.
गलबत खडकावर आपटलं त्या दिवशी
ते पाच वेळा खाली आले.
"फाइल भूली गयो," म्हणायचे,
आणि हातात फाइल असायची.
"पछी?"

माझं सगळ्यात लाडकं कोणतं, ते मी सांगत नाही.
तिघांना दिलं होतं. तिघांनी "छान आहे" म्हणून परत केलं.
छान आहे!
त्यानंतर आठ दिवस मी लिफ्टमध्ये फक्त मजले बोललो.

आता भिंतीवर नोटीस लागलीय. दिवाळीनंतर नवी लिफ्ट.
बटणं, आरसा, सोळा सेकंद.
मला खाली गेटवर खुर्ची देणार आहेत.
सोळा सेकंदांत वेढासुद्धा पडत नाही हो,
फार तर तंबू ठोकून होतात.

परवा संध्याकाळी कर्णिकबाई खालून चढल्या,
पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.
"तुमच्यासाठी. यात साल नाही, सनावळी नाही.
एक गाव आहे, तिथल्या विहिरी रात्री जागा बदलतात,
आणि सकाळी बायका घागरी घेऊन शोधायला निघतात."
मी बघतच राहिलो. बाई, तुम्ही?
"पावती मागू नका," त्या म्हणाल्या.
"त्यातली एक म्हातारी मात्र शोधायला जात नाही.
दारातच बसून राहते."
दुसरा गेला. तिसरा गेला.
"का बसून राहते?" मी विचारलं.
त्यांनी तोंड उघडलं, आणि चौथा दिसायला लागला.

मी हँडल सोडलं.

तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये लिफ्ट उभी राहिली,
जाळीतून अर्धी फरशी दिसत होती, आणि कुणाच्या तरी चपला.
नंतर नोंदवहीत मी लिहिलं : तांत्रिक बिघाड, नऊ मिनिटं.
साक्षीदाराच्या रकान्यात
बाईंनी सही केली, तारखेसह.