हळवं

सातवीण फुलली की सहामाही जवळ आली.
मिस्किटा सर प्रयोगशाळेच्या खिडक्या आतून लावून घेतात,
म्हणतात, डोकं चढतं या वासानं.
मी वर्गाच्या उघड्याच ठेवते.
ऑक्टोबरात ठाण्यात उन्हाशिवाय
दुसरं फुलतं काय?

इनास शाळेची घंटा देतो, देवळाचीही.
दोन्हींच्या मध्ये सत्तावीस पावलं आणि एक जांभूळ.
जूनमध्ये त्यानं रंगाचे रिकामे डबे मागून घेतले,
ज्युबिलीला इमारत पिस्ता रंगानं रंगवली तेव्हाचे, एकवीस.
मुलांच्या मुतारीमागं ओळीनं मांडले,
त्यांत चिखल कालवला.
फादर म्हणाले, डास होतील, इनास.
होतील, फादर, तो म्हणाला,
आणि दुसऱ्या दिवशी रोपं लावली.

आगेऱ्याच्या लोंब्या एरवी वसईहून येतात,
टेम्पोतून, पावतीसकट.
बाळकूमच्या शेवटच्या शेतावर आता बावीस मजले आहेत,
त्यांना नाव कुठल्याशा इटालियन गावाचं.
यंदा मिरवणूक मुतारीमागून निघाली.
पुढं क्रूस, मागं बँडचे तिघे, त्यामागं आख्खी चौथी,
आणि वाटेत एकानं मोठ्यांदा विचारलं,
भात असा उभा असतो?
फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, थोडं डब्यांवरही.
मी मागच्या बाकावर, चपला काढून,
चोवीस वर्षांत ती सवय गेलेली नाही.
माझ्याही हातात एक लोंबी आली.
पर्समध्ये टाकली, रिक्षाच्या सुट्या पैशांत.

सातवी ब. प्रश्न तिसरा, विरुद्धार्थी शब्द लिहा.
हळवा.
बहुतेकांनी लिहिलं, कठोर. दोघांनी, दगड.
अँसेल्मा परेरानं, गरवा.
चकलीचं पीठ भिजत होतं,
गठ्ठ्यातले अठरा पेपर उरले होते.
लाल फुली मारली आणि पान उलटलं.

दोन नोव्हेंबरला सिमेट्रीत जाते मी,
जसिंता टीचरसाठी. स्टाफरूममध्ये
तिची खुर्ची माझ्याकडं आली, म्हणून.
दिवाळीचा उरलेला झेंडू नेते, तिला चालायचा.
संध्याकाळी मेणबत्त्या इतक्या, की उकडतं.
पोरं थडग्याथडग्यांवरून ओघळलेलं मेण खरवडतात,
त्याचे गोळे वळतात,
कुणाचा मोठा यावर भांडतात,
मग त्यांच्या आया डोळ्यांनीच दटावतात.

इनास भिंतीकडच्या रांगेत होता.
सिमेंट नवं, दगड अजून बसवलेला नाही,
नाव ब्रशनं लिहिलेलं, तेरेजा, पिस्ता रंगात.
वर एक पेंढी, सुतळीनं बांधलेली.

काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं,
इतक्या लवकर कसं पिकलं हो?
हळवं होतं, टीचर. तिच्या बापाच्या शेतातलं बी.
शेत गेलं तरी दर साली मोरीपाशी
दोन डब्यांत लावायची, बी मोडू नये म्हणून.
गरवं असतं तर अजून हिरवंच असतं.
आगेरा काय थांबतो?

त्याच्यामागं नात उभी होती, मुठीत मेणाचा गोळा.
अँसेल्मा माझ्याकडं बघत होती.
बोलली नाही काही.
सातवीतली मुलं टीचरला सुट्टीत
ओळख दाखवतातच असं नाही.

रात्री गठ्ठा सोडला.
फुलीवर बरोबरची खूण काढली, ती नीट जमली नाही,
दोन्ही दिसतात.
एकसष्टचे बासष्ट केले. सही केली.
शेऱ्यासाठी जागा होती, ती तशीच ठेवली.

मग पर्स पलंगावर उपडी केली.
लोंबी कधीच झडली होती.
नाण्यांमधून, बिलांमधून दाणे वेचले.
सात.
जूनपर्यंत कुठं ठेवतात,
शाळा उघडली की इनासला विचारायला हवं.