पातळी

सकाळी सात वाजता तिसा नदीच्या काठी उतरायचं,
काळी-पांढरी पट्टी वाचायची,
सेंटिमीटर वहीत टिपायचे
आणि सेगेदच्या कचेरीला फोन करायचा.
एकतीस वर्षं हेच.
बर्फात, तापात, सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा.
नदीला सुतक नसतं.

मोतीबिंदू काढायचा म्हणून रक्त दिलं.
नुसतं डोळ्यासाठी.
पांढऱ्या पेशी एक्केचाळीस हजार.
यंत्र चुकलं असेल म्हणाले. पुन्हा दिलं.
चव्वेचाळीस.
रक्त काढणाऱ्या मुलीचं नाव पिरोश्का,
आमच्या भाषेत त्या नावातच लाल आहे.
तिने कापसाचा बोळा जरा जास्तच वेळ दाबून धरला
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
घरी कोण असतं?

डॉक्टर वार्कोनी तरुण आहेत,
बोलताना टेबलावर पेन उभं करत राहतात.
ते पडतं. ते पुन्हा उभं करतात.
हाडातून मज्जा काढून बघू, म्हणाले,
अहवालाला तीन आठवडे.
तो शब्द त्यांनी काढला नाही,
मीही नाही.
तो तिसऱ्या खुर्चीवर बसून होता,
टोपी मांडीवर ठेवून.

पूर आकड्यात नसतो, हे मला कोणी शिकवायला नको.
पट्टीवर दिसतं ते शिळं पाणी.
खरं काय ते वर घडून गेलेलं असतं,
डोंगरात, कुणा अनोळखी माणसाच्या छपरावर
रात्रभर पडलेलं.
इथवर यायला त्याला आठ-दहा दिवस लागतात.
तेवढ्यात आपण रेतीच्या गोण्या भरतो,
कोंबड्या माळ्यावर नेतो,
लोणच्याच्या बरण्या वरच्या फळीवर.

पण माझ्यातलं काय उचलू
आणि ठेवू कुठल्या माळ्यावर?

गेलेर्तला सांगितलं नाही.
तो बिहीची फळं सोलत होता, साल एकसंध.
'डोळ्याचं काय झालं?'
'तारीख पुढे गेली.'
खोटं नव्हतं. तारीख पुढे गेली होती,
मी मागे राहिले होते.

रात्री तो घोरायला लागला की
मी मान चाचपते, काखा, जांघा,
शेंगेतले वाटाणे बोटांनी मोजावेत तशी.

त्या मंगळवारी धुकं होतं.
चश्म्यावर दव, पट्टी पुसट.
वाचलं, लिहिलं, फोन लावला.
पलीकडे बोटोंड, नवा मुलगा, तोंडात पाव.
आकडा सांगितला.
घास गिळून तो म्हणाला,
'एतेल्का नेनी, चव्वेचाळीस हजार सेंटिमीटर?
मग आम्ही सगळे बुडालोच की!'

वही पाहिली. माझ्याच अक्षरात,
नदीच्या रकान्यात.
माणसं रक्ताचं पाणी करतात म्हणे,
माझं मेलं रक्तच पाण्यात जाऊन बसलं होतं.

मी हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.
पोट धरून, काठावर उकिडवी बसून.
मग हसण्याचं टोक कुठल्याशा खिळ्याला अडकलं
आणि ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही
त्या पोराला सगळं सांगून टाकलं.

सगळं ठीक होईल, असं तो म्हणाला नाही.
बराच वेळ नुसता कागदाचा आवाज.
मग, 'थांबा, वेगळं पान घेतो.
हं. पहिला आकडा कोणत्या तारखेचा?'

घरी आले तर गेलेर्त चुलीपाशी.
मान न वळवता, रोजच्यासारखं,
'आज किती?'

बूट न काढताच मी बसले.
चिखल फरशीवर उतरू दिला.
'कुणाचं विचारतोस,' म्हटलं,
'नदीचं, की माझं?'

चमचा पातेल्यात तसाच थांबला.